स्वतःच शिकणाऱ्याचा रियाज

गिटार शिकू पाहणाऱ्याला आज साधनांची वानवा नाही. हव्या त्या गाण्याचे कॉर्ड मोबाइलवर सापडतात, कुठल्या तारेवर कोणते बोट ठेवायचे याची चित्रे सापडतात, वाजवून दाखवणारे शिक्षक तर पैशाला पासरी. तरीही हौसेने आणलेली गिटार काही महिन्यांत कपाटावर जाऊन बसली, असे घर शोधायला फार लांब जावे लागत नाही. याचे खापर आळसावर फोडायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते निदान मान्य नाही. पोलादी तारांवर बोटांची टोके सोलवटून घेतलेला माणूस आळशी नसतो. त्याची अडचण वेगळी असते. आज बसल्यावर नेमके काय करायचे हे सांगणारे त्याला कोणी नसते, आणि जे केले ते कसे झाले हे ऐकणारे कोणी नसते. गुरू माहिती देतो, पण त्याची खरी कामे ही दोन. माहिती आता फुकट झाली. ही दोन कामे मात्र एकट्याने शिकणाऱ्याला स्वतःच्याच अंगावर घ्यावी लागतात. सरावाची आखणी, वही, मेट्रोनोम, रेकॉर्डिंग हा सगळा खटाटोप त्यासाठी. या पुस्तकाचा विषयही तेवढाच आहे.

विषय नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस आणि व्हिएन्नात गिटारचे वेड पसरले आणि हौशी वादकांसाठी अभ्यासपुस्तके निघू लागली. फर्नांदो सोर याने १८३० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केलेले पुस्तक त्यांपैकी सर्वांत विचारी. हात कसा ठेवावा हे सांगून सोर थांबत नाही, तसाच का ठेवावा हेही पटवून देत बसतो. ज्याच्या शेजारी शिक्षक बसलेला नाही, त्याला हे कारणच उपयोगी पडते. कारण कळले की चूक आपली आपल्याला सापडते.

त्याआधी, १८१२ मध्ये, मौरो जुलियानीने उजव्या हातासाठी एकशेवीस छोटे अभ्यास छापले होते. ते आजही वाजवले जातात आणि त्यांची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. डाव्या हाताला सी आणि जी सेव्हन या दोन कॉर्डपलीकडे काम नाही. बदलत जातो तो फक्त उजव्या हाताच्या बोटांचा क्रम. म्हणजे एका हाताला मुद्दाम सोपे काम देऊन गप्प बसवायचे आणि सगळे लक्ष दुसऱ्याकडे वळवायचे. आपल्याकडे पलटे घोटून घेतात त्यामागेही हाच विचार आहे: राग, बंदिश, भाव सगळे बाजूला, आता फक्त स्वरांची ये-जा. सरावाच्या शास्त्रातले निम्मे शहाणपण मला या एका युक्तीत दिसते. अवघड गोष्ट एका वेळी एकच हाताळायची.

गुरूविना मोठे झालेल्यांची नावे सांगायची तर आंद्रेस सेगोव्हियाचे पहिले. शास्त्रीय गिटारला मोठ्या सभागृहांत मान मिळवून देणारा हा स्पॅनिश वादक आपण स्वतःच स्वतःचे शिक्षक आणि विद्यार्थी होतो असे अभिमानाने सांगे. जँगो राइनहार्टची गोष्ट याहून बोलकी आहे. १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जायबंदी झाली. उरलेल्या बोटांसाठी कुठल्याही पुस्तकात पद्धत नव्हती, म्हणून त्याने ती स्वतः बसवली आणि पुढे जॅझ गिटारची दिशाच बदलली. अशी उदाहरणे वाचून छाती फुगते खरी, पण त्यांतून रोजचा अर्धा तास कसा घालवावा हे कळत नाही. त्यासाठी संशोधनाकडे वळावे लागते.

इथे एका गैरसमजाचा निकाल लावतो. दहा हजार तासांचा आकडा बहुतेकांनी ऐकलेला असतो. माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ मधल्या पुस्तकाने तो घरोघर पोहोचवला. त्याचे मूळ १९९३ च्या एका निबंधात आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. तो आकडा त्यांच्यातल्या उत्तम विद्यार्थ्यांची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, कुणासाठी घालून दिलेली अट नव्हे. एरिक्सन यांचा भर तासांवर नव्हताच. नेमका दोष सुधारण्यासाठी आखलेले काम आणि त्यावर लगेच मिळणारा अभिप्राय, यावर होता. आणि ते विद्यार्थी शिक्षकांच्या हाताखाली शिकत होते, हे वाक्य आकड्याच्या झगमगाटात कुणी वाचतच नाही. आपला वाचक नेमका तिथेच उणा आहे. तास तो घालू शकतो. काम आखून देणारा आणि कान देणारा त्याने आणायचा कुठून?

१९७९ चा शी आणि मॉर्गन यांचा प्रयोगही सांगितला पाहिजे. हाताच्या काही ठरावीक हालचाली एका गटाने एकेक संपवत घोटल्या, दुसऱ्याने त्याच उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. नंतर परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्याचे जास्त टिकले. एकच कॉर्ड-बदल वीस मिनिटे घोटला की हात बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, त्याचे हे स्पष्टीकरण. तीन बदल घ्यावेत आणि आलटूनपालटून करावेत. त्या वेळी प्रगती कमी दिसेल, ती दिसू द्यावी.

आता एक उदाहरण जवळून पाहू. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. तिथून सी वर जायचे तर फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. बाकी दोन बोटांना हलायचे कारणच नाही. नवशिका मात्र तिन्ही बोटे हवेत उडवतो आणि नव्याने मांडामांड करतो. जी वरून सी वर येताना सगळीच बोटे हलतात, तिथे दोष आणखी लपून बसतो. पुष्कळदा तर्जनी आधी टेकते आणि अनामिका शेवटी. पण उजवा हात वरून खाली येतो तेव्हा त्याला आधी लागते ती पाचवी तार, म्हणजे अनामिकेचीच. ती तयार नसते आणि गाणे दर वेळी त्याच जागी अडखळते. शिक्षक समोर असता तर त्याने हे एका नजरेत पकडले असते. एकट्याने बसणारा ते गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि अडखळण्याचाच सराव करत राहतो. उपाय साधा आहे. स्ट्रमिंग बंद. फक्त डावा हात, अगदी सावकाश, आणि प्रश्न एकच: कोणते बोट उशिरा पोहोचते? ते बोट आधी टेकवायची सवय लावायची.

म्हणून मी सरावाचे दोन भाग कटाक्षाने वेगळे ठेवायला सांगतो. घोटण्याच्या भागात चूक झाली की थांबायचे. गाण्याच्या भागात काही झाले तरी थांबायचे नाही. कॉर्ड अर्धवट लागला तरी उजवा हात लयीत चालूच राहिला पाहिजे. हे दोन नियम एकमेकांत मिसळले की ना हात बसतो ना लय. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवावा. तो कंटाळवाणा आहे याबद्दल दुमत नाही.

ज्यांनी पेटी किंवा गाणे शिकले आहे त्यांना थोडी सवलत आहे. गिटारच्या शेजारशेजारच्या तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत षड्ज-गंधाराचे. हे कानाला माहीत असेल तर ट्यूनरवाचूनही तार उतरल्याचे कळते. एकाच वेळी अनेक स्वर वाजवणे मात्र त्यांनाही नवखेच, तेव्हा त्यांनीही पहिले प्रकरण गाळू नये.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. रोज वीस-तीस मिनिटे ही रविवारच्या तीन तासांपेक्षा बरी. स्मरण आणि बोटांची कातडी दोघांनाही हेच मानवते. टोके दुखणे स्वाभाविक आहे, घट्टे पडले की थांबते. मनगट किंवा कोपर दुखू लागले तर मात्र वाद्य खाली ठेवावे आणि जाणत्या वादकाला हात दाखवावा. पुस्तकाची हद्द इथे संपते, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

राहिला प्रश्न ऐकणाऱ्याचा. वाजवताना लक्ष बोटांवर असते, त्यामुळे कान अर्धेच उघडे असतात. रोज शेवटी मोबाइलवर एक मिनिट ध्वनिमुद्रण करावे आणि ते दुसऱ्या दिवशी, गिटार हातात घेण्यापूर्वी ऐकावे. रात्रभराच्या अंतराने कान जरा परका होतो, आणि आपल्याला परकाच कान हवा आहे. ऐकून झाल्यावर वहीत एक ओळ लिहायची: आज काय दुरुस्त करायचे. ‘चांगला सराव करायचा’ असली ओळ चालणार नाही. ‘जी वरून सी, अनामिका आधी’ अशी हवी. ही ओळ लिहिणारा शिक्षक आणि ती पाळणारा विद्यार्थी.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. बार कॉर्डचे प्रकरण तर तीन महिने उघडू नका. मात्र पहिल्या प्रकरणाला हात घालण्यापूर्वी गिटार सुरात लावून घ्या, डाव्या हाताची नखे कापा आणि एक कोरी वही जवळ ठेवा.