धने आणि कोथिंबीर : माळव्यातील एका रोपाची दोन नावे

मराठीत एकाच रोपाला दोन स्वतंत्र नावे आहेत. पाने आणि कोवळे देठ ताजे असतात तोवर ती कोथिंबीर असते, आणि तेच रोप फुलोऱ्यावर जाऊन त्याला धरलेली फळे वाळली की त्यांना धने म्हणतात; या दोन शब्दांत ध्वनीचे कसलेही साम्य नसल्यामुळे दोहोंचे मूळ एकच आहे हे भाषेवरून कळून येत नाही. उज्जैनच्या बाजारात मात्र दोन्हींना एकच नाम पुरते. पान मागायचे असेल तर ‘हरा धनिया’ आणि अख्खे फळ मागायचे असेल तर ‘खडा धनिया’, एवढा फरक विशेषणाने भागवला जातो. अठराव्या शतकात शिंद्यांच्या अमलाबरोबर माळव्यात स्थिरावलेली मराठी घराणी या दोन्ही भाषांत वावरत आली. त्यांच्या स्वयंपाकघरात ज्या दोन वस्तू होत्या त्या बाजारात एकच ठरत, आणि धने अधिक पोषक की कोथिंबीर या प्रश्नाकडे पाहताना हा भाषाभेद आधी लक्षात घेणे उपयोगाचे ठरते.

मराठीतील दोन्ही शब्द संस्कृतातून आले आहेत. ‘कोथिंबीर’ हा शब्द ‘कुस्तुंबुरु’पासून घडला असून कन्नडमधील ‘कोत्तंबरी’ आणि तेलुगूमधील ‘कोत्तिमीर’ ही त्याचीच भावंडे होत; ‘धने’ आणि हिंदीतील ‘धनिया’ हे शब्द ‘धान्यक’पासून, म्हणजे धान्यासारखे दिसणारे या अर्थाच्या शब्दापासून, निघाले. पाणिनीने ‘कुस्तुंबुरु’मधील सकाराची उपपत्ती सांगण्यासाठी एक वेगळे सूत्रच रचले आहे, यावरून तो शब्द त्याच्या काळी रूढ होता हे स्पष्ट होते. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने साठवायच्या पदार्थांचे वर्ग दिले आहेत, आणि त्यांतील तिखट द्रव्यांच्या वर्गात पिंपळी, मिरी, आले, जिरे व पांढरी मोहरी यांच्यासोबत कुस्तुंबुरूचीही गणना आहे. मिरचीचे नाव या यादीत असणे शक्यच नव्हते, कारण ती पोर्तुगिजांच्या मार्फत सोळाव्या शतकात भारतात आली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयन-वर्णनात उज्जैनचा उल्लेख ओझेने या नावाने येतो, आणि तेथून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालात अकीक, मलमल व जटामांसी यांची नावे आहेत. धने त्या यादीत नाहीत, आणि त्याचे कारण सरळ आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात ते त्याही आधीपासून पिकत होते. इजिप्तच्या तूतनखामेन राजाच्या थडग्यात धने सापडले आहेत आणि ग्रीसमधील मायसीनी काळाच्या मातीच्या पाट्यांवर त्यांचे नाव वाचता आले आहे. रोमला जी वस्तू जवळच मिळत होती ती उज्जैनहून बैलांच्या पाठीवर लादून नेण्यात व्यापाऱ्याला काही मिळणार नव्हते. त्यामुळे माळव्यातील धने दीर्घकाळ माळव्याच्याच चुलीवर खपले, आणि दूरच्या बाजारासाठी लिहिलेल्या वृत्तांतांत त्यांचा मागमूस फारसा राहिला नाही.

ओल्या आणि वाळलेल्या धन्याची तुलना ही आधुनिक प्रयोगशाळेची देणगी आहे असा समज होऊ शकतो, परंतु सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा विचार करताना ती स्पष्टपणे केलेली आहे. ओली कुस्तुंबरी अन्नाला गोडी, सुगंध आणि मनाला भावणारी रुची देते, असे तेथे सांगितले आहे. तीच वाळली की ती विपाकाने, म्हणजे पचन पूर्ण झाल्यावर उरणाऱ्या रसाने, मधुर होते, स्निग्ध असते आणि तहान व दाह शमवते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने ओल्या धन्याचे गुण वाळलेल्यासारखेच मानले, मात्र त्याची पित्त शमवण्याची शक्ती विशेष आहे अशी भर घातली. या दोन्ही ग्रंथांची दृष्टी महत्त्वाची आहे, कारण त्यांनी दोन पदार्थ समोरासमोर उभे केले नाहीत, तर एकाच द्रव्याच्या दोन अवस्था मांडल्या, आणि अवस्था बदलली की काम बदलते हे तत्त्व गृहीत धरले.

मराठ्यांनी १७३२ मध्ये माळव्याची वाटणी केली तेव्हा उज्जैन राणोजी शिंद्यांकडे आले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, आणि दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लष्कर या गावी आपले ठाणे हलवीपर्यंत हे शहर शिंदेशाहीची राजधानी होते. राजधानी गेली तरी उज्जैन, मंदसौर आणि गुना हा धन्याचा प्रदेश १९४८ मध्ये मध्य भारत संघ स्थापन होईपर्यंत ग्वाल्हेर संस्थानातच राहिला. आज गुना जिल्ह्यातील कुंभराजची मंडी धन्यासाठी नावाजलेली आहे, नीमच व मंदसौरच्या मंड्यांतही धन्याची मोठी उलाढाल होते, आणि भारतीय मसाला मंडळाने गुना येथे मसाला उद्यान उभारले आहे.

धन्याला माळवा मानवला त्याचे श्रेय काळ्या जमिनीला द्यावे लागते. पावसाळ्यात मुरलेली ओल ही जमीन हिवाळ्यापर्यंत धरून ठेवते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेले रोप तिच्यावर वाढते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फळे काढणीला येतात. उन्हाचा ताव वाढला की रोप पाने धरण्याऐवजी तुऱ्यावर जाते, त्यामुळे शीतगृहे आणि बारमाही सिंचन येण्यापूर्वी कोथिंबीर ही मुख्यतः पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडी सरेपर्यंतची वस्तू होती, तर धने वर्षभराचे. शिवाय ज्या रोपाची पाने खुडली जातात ते फळे कमी देते, म्हणून शेतकऱ्याला एकाच वाफ्यात दोन्ही पुरेपूर हाती लागत नाहीत. पान काही तासांत कोमेजते आणि धने पोत्यात महिनोन्महिने टिकतात; त्यामुळे शहराच्या वेशीजवळ जुड्या बांधणारे भाजीपाल्याचे मळे आणि दूरच्या गावांत मंडीसाठी वाळवणारी शेते, अशी विभागणी आपोआप घडत जाते.

भारतीय अन्नाच्या पृथक्करणाचे पद्धतशीर काम रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू केलेल्या संशोधनातून वाढले. त्या संशोधनातून उभी राहिलेली संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम धन्यांत सुमारे १२.४ ग्रॅम प्रथिने, ४२ ग्रॅम तंतू, ७०९ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १६ मिलिग्रॅम लोह असते, तर १०० ग्रॅम कोथिंबिरीत २.१ ग्रॅम प्रथिने, २.८ ग्रॅम तंतू, ६७ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १.८ मिलिग्रॅम लोह असते. येथवर पाहिले तर धन्यांची सरशी निर्विवाद वाटते. परंतु त्याच कोथिंबिरीत ९२ टक्के पाणी असते आणि धन्यांत केवळ ९ टक्के, ही बाब हिशेबात धरताच चित्र पालटते. दोहोंतील पाणी वजा करून केवळ कोरड्या अंशाची तुलना केली, तर १०० ग्रॅममागे कॅल्शियम कोथिंबिरीत सुमारे ८६० आणि धन्यांत सुमारे ७८० मिलिग्रॅम भरते, लोहही पानातच अधिक निघते, आणि प्रथिने तर पानात जवळजवळ दुप्पट होतात. धन्यांचे वर्चस्व बव्हंशी पाण्याच्या अभावाचे वर्चस्व आहे.

मात्र कोणीही १०० ग्रॅम धने एका बैठकीत खात नाही, म्हणून ताटातील प्रमाण हीच खरी कसोटी मानावी लागते. चमचाभर, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, धने १४ मिलिग्रॅम कॅल्शियम देतात आणि मूठभर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, कोथिंबीर १३ मिलिग्रॅम. येथे दोघे बरोबरीत येतात, आणि हे प्रमाण दिवसाच्या गरजेच्या मानाने अल्पच आहे. जीवनसत्त्वांत मात्र पानाशी बरोबरी होत नाही. बीटा-कॅरोटीन, म्हणजे शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व बनते ते रंगद्रव्य, हिरव्या पानात भरपूर असते आणि वाळलेल्या धन्यांत जवळपास नसतेच. क जीवनसत्त्वाचे १०० ग्रॅम कोथिंबिरीतील प्रमाण अमेरिकी तक्त्यांत २७ मिलिग्रॅम, तर हैदराबादच्या संस्थेच्या १९७१ च्या तक्त्यांत १३५ मिलिग्रॅम नोंदलेले आहे. वाण, माती आणि तोडणीनंतर गेलेला वेळ यांनी पाला किती बदलतो हे या तफावतीवरून जाणवते, आणि म्हणून पाल्याविषयीचा कोणताही एकच आकडा अंतिम मानणे योग्य नाही.

स्वयंपाकाच्या रूढ क्रमात या फरकांची जाण उतरलेली दिसते, आणि तिला दाद द्यावीशी वाटते. भारतीय धने युरोपातील धन्यांपेक्षा मोठे व लांबट असतात आणि त्यांत सुगंधी तेल कमी असते, त्यामुळे ते तेल काढण्यासाठी नव्हे तर कुटून चमच्या-चमच्याने घालण्यासाठी वापरले जातात, आणि रश्शाला दाटपणाही देतात. त्यांचा सुगंध मुख्यतः लिनालूल या द्रव्याचा असून तो भाजल्यावर खुलतो. पानाचा वास अल्डिहाइड वर्गातील वेगळ्याच द्रव्यांचा असतो आणि उष्णतेने तो उडून जातो, जसे क जीवनसत्त्वही उष्णतेने नासते. म्हणून मराठी गोड्या मसाल्यात धने आधी भाजले जातात आणि कोथिंबीर पदार्थ उतरल्यावर वर पेरली जाते. उज्जैनमधील पोह्यांवरही चिरलेला हरा धनिया शेवटी, शेवेसोबत, पडतो. फोडणीतील तेलामुळे कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यास मदत होते, आणि पानातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिज लोह अधिक चांगले अंगी लागते.

सणांतही हीच दोन रूपे भेटतात. महाराष्ट्रात जन्माष्टमीला सुंठवडा वाटतात, तर माळव्यात त्या दिवशी भाजलेल्या धन्यांची पूड, तूप आणि साखर यांची पंजिरी होते. नाव धान्यक असले तरी ते धान्य नव्हे, म्हणून ती उपवासाला चालते. बायजाबाई शिंदे यांनी बांधवलेले गोपाळ मंदिर ज्या उज्जैन शहरात आहे तेथील मराठी घरांना या दोन्ही प्रसादांची ओळख असणे स्वाभाविक होय. धनत्रयोदशीला मराठी घरांत धने आणि गुळाचा नैवेद्य दाखवतात. उत्तरेकडे त्या दिवशी अख्खे धने विकत घेण्याची आणि पूजेनंतर त्यांतील काही कुंडीत वा वाफ्यात पेरण्याची चाल आहे. हा दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे माळव्याच्या काळ्या रानात धने पेरण्याच्या ऐन दिवसांत, येतो. पेरण्यापूर्वी धने हाताने रगडून त्यांची दोन दले वेगळी करतात, कारण धन्याचा प्रत्येक दाणा हे बी नसून दोन बिया पोटात असलेले फळ असते, आणि दोन-तीन आठवड्यांत त्या दोन्ही बियांतून कोथिंबीर वर येते.