वसईच्या वेदीपुढचा प्रश्न

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केल्यापासून १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत येथे जो दोन शतकांचा फिरंगी अंमल नांदला, त्यातील तटबुरुजांची वर्णने पुष्कळ झाली. परंतु त्याच अमलात येथील ख्रिस्ती घरांच्या सोयरिकीत जो एक प्रश्न शिरला, तो मला अधिक मोलाचा वाटतो.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये असा निर्बंध घातला की, लागोपाठ तीन सणावारी देवळात लग्नाची वर्दी द्यावी, साक्षीदार उभे करावेत, धर्मगुरूने वर आणि वधू या दोघांनाही विचारून त्यांची संमती जाणून घ्यावी, आणि लग्नाची नोंद दफ्तरी ठेवावी. आईबापांच्या संमतीवाचून झालेला विवाह परिषदेला नापसंतच होता. तरी तेवढ्या कारणाने तो रद्दबातल ठरतो, हे म्हणणे तिने साफ नाकारले. हे निर्णय पूर्वेकडे अमलात आणण्यासाठी १५६७ साली गोव्यात प्रांतिक परिषद भरली.

जिथे ‘आमच्या पोरीचे मन आम्हांला ठाऊक आहे’ असे सांगून मामा-काका बोलणी पक्की करीत, तिथे प्रत्यक्ष पोरीला भरसभेत विचारणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु वर्दी वाचून झालेली, मांडव घातलेला, सगेसोयरे जमलेले, अशा घटकेला नकार उच्चारण्याचे बळ किती जणींच्या अंगी असणार? प्रश्न वेदीपुढे होई; उत्तर मात्र घरातच ठरून गेलेले असे.

वेदीपुढचा हा प्रश्नही ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांची कैफियत मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्यात उघड झाली. अकराव्या वर्षी आप्तांनी त्यांचे लग्न लावले; १८८४ साली पती दादाजी भिकाजींनी त्यांना नांदावयास आणण्यासाठी फिर्याद गुदरली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी ती फेटाळली, पण १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कैद’ असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या.

वसई-विरारच्या वडीलधाऱ्यांना, मग ते कुपारी असोत, वाडवळ असोत की अलीकडेच येथे बिऱ्हाड थाटलेले असोत, माझी कळकळीची विनंती आहे: पत्रिका छापावयास टाकण्यापूर्वी मुलीला एकांतात विचारा, आणि तिचे उत्तर तिच्याच तोंडून येईपर्यंत थांबा.