गिअर जड का पडतो? जुन्नर-आंबेगावच्या जुन्या गाड्यांचा एक उलगडा

आजचा विषय इतिहासाच्या व्याख्यानात जरा चमत्कारिक वाटेल. पन्नास-साठ वर्षांच्या मोटारीचा गिअर जड पडतो, म्हणजे तिचं नक्की काय बिघडलंय? हा प्रश्न आम्ही आधी इतिहासाचा मानतो आणि मग गॅरेजचा.

कारण सांगतो. अलीकडे जुन्या गाड्यांची हौस वाढली आहे. मंचर, नारायणगाव, जुन्नर या बाजूला वाड्यांतून, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमधून जुन्या जीपा, फियाट, ॲम्बेसेडर बाहेर निघताहेत. नव्या मालकाचा हात आजच्या गाडीवर बसलेला. तो पहिला गिअर टाकायला जातो, करकर आवाज येतो, आणि दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स जमिनीवर उतरलेला असतो. पुष्कळदा त्या बॉक्सला काहीही झालेलं नसतं. पण उघडला की काहीतरी हलतं, एखादी रिंग तुटते, आणि तो सुटा भाग आता बाजारात नसतो. चालती गाडी कायमची उभी राहते ती अशी.

म्हणून आधी हे पाहू की ही गाडी नवी असताना तिचा गिअर कसा पडायचा.

गिअर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बैलगाडीवाल्याला समजावून सांगावं लागलं नसतं. घाट आला की तो जास्तीची बैलजोडी जुंपायचा. मोटारीत जोडी वाढवता येत नाही, म्हणून वेग सोडून जोर घ्यायचा. पॅनहार-लेव्हासॉरच्या फ्रेंच मोटारींनी १८९० च्या दशकात यासाठी सरकत्या दातचाकांची पेटी रूढ केली. दोन वेगवेगळ्या गतींनी फिरणारी चाकं एकमेकांत सरकवायची. दात दातावर आपटणारच. व्यवस्था रांगडी आहे पण चालते, असं खुद्द लेव्हासॉर म्हणाल्याचं सांगतात.

त्यावर तोडगा निघाला १९२८ साली. अमेरिकेच्या कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं. यात दात भिडण्याआधी एक शंकूसारखा भाग घासून दोन्हींची गती एक करतो. आता मेख इथे आहे. हे सिंक्रोमेश पुढची कित्येक वर्षं वरच्या गिअरांनाच मिळालं. पहिला गिअर गाडी उभी असतानाच टाकायचा, मग त्याला कशाला, असा हिशोब होता.

दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप घ्या. तीन गिअर, त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रोमेश, पहिला आणि रिव्हर्स कोरडे. महिंद्रानं स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीस जीपा जोडायला आणि पुढे बनवायला सुरुवात केली, त्यात हीच मांडणी राहिली. प्रीमियरनं कुर्ल्याला काढलेली फियाट ११०० म्हणजेच पुढची पद्मिनी, आणि जुनी ॲम्बेसेडर, या दोघींना चार गिअर. पहिला तसाच, सिंक्रोमेशशिवाय. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स इथून गेले, बाजारात मोजक्याच कंपन्या उरल्या, आणि गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना गिअरबॉक्स सुधारायची घाई कोणाला असणार! त्यामुळे १९५० च्या दशकातली पेटी आपल्याकडे १९८० च्या दशकातही कोरी करकरीत मिळत होती.

आता खेड घाट, माळशेज, किंवा घोडेगावहून डिंभ्यावरून भीमाशंकरकडे चढणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. भरलेली जीप दुसऱ्यावर दम टाकते आहे आणि चालत्या गाडीत पहिला हवा आहे. जुना ड्रायव्हर डबल क्लच मारायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक टिचकी, पुन्हा क्लच, मग पहिला. सिंक्रोमेशचं काम त्याचा पाय करायचा. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ती गाडी आजारी वाटते. जीपच्या दुसऱ्या लिव्हरचंही तसंच. फोर-व्हील टाकून डांबरीवर फिरवली की पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ताण साठतो आणि लिव्हर अडकून बसते. थोडी रिव्हर्स घेतली की सुटते. मिस्त्री लागत नाही.

हे सगळं वजा करून गिअर खरोखरच जड असेल, तर पहिली तपासणी फुकटातली आहे. इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून पाहा. चाक अधूनमधून जरा हलवावं लागेल, कारण दात दातासमोर आला तर गिअर पडत नाही. बंद इंजिनवर गिअर सुरळीत पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर बॉक्सचा दोष जवळपास नाहीच. क्लच पूर्ण सुटत नाहीये. खात्री हवी असेल तर इंजिन मंद ठेवून क्लच दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला, तर क्लच प्लेट अजून फिरते आहे.

ती का फिरते, यात आपल्या भागाचा हवामानही आला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळाभर उभी राहिलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढली, की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. जीपच्या पेडलला साधारण इंचभर मोकळी चाल असायला हवी. दांडे झिजून ती फार वाढली तरी क्लच अर्धाच सुटतो. फ्लायव्हीलच्या मधोमध, शाफ्टचं टोक पेलणारा छोटा बुश कोरडा पडला, तरी इंजिन शाफ्टला आपल्याबरोबर ओढत राहतं. हा शेवटचा दोष बरेच जण विसरतात.

इथे गाडीचं आरसी बुक मागून घ्या. पेट्रोल महागल्यावर कितीतरी जुन्या जीपांना डिझेल इंजिनं बसली. मधे जोडपट्टी घालून इंजिन आणि बॉक्स एकत्र केले. त्या दोघांची मध्यरेषा केसभर जरी चुकली, तरी शाफ्ट तिरका ओढला जातो आणि गिअर जड पडतो. इंधनाच्या रकान्यात पेट्रोलचं डिझेल झालेलं दिसलं, की तपास तिथून सुरू करावा. कागद वाचणं हा आमचा धंदाच आहे म्हणा.

इंजिन बंद असतानाही जड असेल तर? फियाट-ॲम्बेसेडरमध्ये गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. तिथून बॉक्सपर्यंत सळ्या, सांधे, बुश. सळ्या बॉक्सपाशी सोडा आणि बॉक्सवरची लिव्हर हातानं हलवा. ती सहज हलली तर दोष वाटेतला. ग्रीस वाळून दगड झालेलं असतं, नाहीतर बुश झिजलेले. ढिलाईमुळे गिअर जड कसा पडेल, असं कोणी विचारेल. दांडी पूर्ण हलते पण सळी आत अर्धीच पोचते, मग आपण जोर लावतो. जीपमध्ये लिव्हर सरळ बॉक्सच्या डोक्यावर आहे, त्यामुळे हा सांध्यांचा प्रश्नच नाही.

सकाळी जड आणि पाच-सात मैलांनंतर हलका, तर ऑइल जाड आहे. यालाही इतिहास असतो. गाडी विकताना बॉक्सची घरघर दाबायला ९० ऐवजी १४० नंबरचं ऑइल भरायचं, ही जुनी चलाखी. उलट बाजूनं, आजचं डिफरन्शियलचं भारी ऑइल चांगलं म्हणून भरलं, तर त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी रिंगा खाऊ शकतात, आणि ते इतकं निसरडं असतं की रिंगेची पकडच बसत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरावं.

मग अगदी बॉक्स बदलूनच टाकू, असा विचार ऐकू येतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. गिअरबॉक्सचं नाव त्या यादीत नाही. तरी आमचं मत असं की, पहिला गिअर सिंक्रोमेशचा झाला, तर ती गाडी घाटात कशी चालवत होते हे पुढच्या माणसाला त्या गाडीवरून कळणार नाही.

एकच गिअर अडतो, बाकीचे ठीक, आणि वरचं सगळं तपासून झालं, तेव्हाच संशय आतल्या रिंगेवर किंवा फोर्कवर घ्यायचा. तेव्हाही पाना लावायच्या आधी तळाचा नट सोडून ऑइल पांढऱ्या कपड्यावर घ्या आणि उन्हात धरा. पिवळी चमक दिसली तर पितळी रिंगा किंवा बुश झिजलेत. लोखंडाचे तुकडे बोटाला लागले तर दात गेलेत. नुसतंच काळं ऑइल आलं, तर नवं भरा, नट घट्ट करा, आणि नारायणगावपर्यंत एक चक्कर मारून या.