तळटीप : 'कडाह प्रसाद'

१. कडाह प्रसाद – गुरुद्वारात वाटला जाणारा कणकेचा शिरा. 'कडाह' म्हणजे मोठी कढई. उमरेडकडच्या वाचकाला सत्यनारायणाचा, सव्वा मापाचा रव्याचा प्रसाद आठवेल. येथे मात्र कणीक, साजूक तूप व साखर समप्रमाणात घेतात. १९४५ साली मान्य झालेल्या 'सिख रहित मर्यादा' या शीख आचारसंहितेत याची रीत सांगितली आहे. गुरुबाणी म्हणत तो स्वच्छ भांड्यात शिजवतात व स्वच्छ वस्त्राने झाकून गुरू ग्रंथसाहिबांजवळ ठेवतात. अरदास (प्रार्थना) झाल्यावर कृपाणाचा स्पर्श करून पाच प्रिय शिखांचा, म्हणजे पंज प्यार्‍यांचा वाटा आधी काढतात. मग जात, धर्म, हुद्दा न पाहता सर्वांना सारखाच देतात. तो बसून, ओंजळीत घ्यावा. इतकी अदब पाळण्याचे कारण असे की, गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे ग्रंथालाच गुरुपद दिले. त्यामुळे प्रसाद साक्षात गुरूंपुढे ठेवला जातो. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. मराठी माणसाने हा प्रसाद घरचाच मानून, तितक्याच आदराने घ्यावा. – संपा.