समुद्रलाटांचे छायाचित्रण, वसई परिसरातील

खडकांवर आदळणाऱ्या लाटेचा क्षणिक आकार कॅमेऱ्याने टिपणे ही गोष्ट छायाचित्रणाच्या इतिहासात उशिरा साध्य झाली. वसईसारख्या किनाऱ्याच्या चित्रनोंदीत दगड विपुल आणि पाणी विरळ असण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

डागेअरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा प्रकाश पडू देण्याचा काळ (उद्भासनकाल) मिनिटांत मोजावा लागे. एवढ्या अवधीत तट-बुरूज स्पष्ट उमटत. लाटा मात्र एकमेकींत मिसळून धुक्यासारख्या दिसत. आर्चरच्या १८५१ मधील कलोडियन पद्धतीने हा काळ सेकंदांवर आला. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ मध्ये घेतलेली सागरचित्रे या पद्धतीची परमावधी मानली जातात. तथापि त्यांपैकी काहींत आकाश व समुद्र निरनिराळ्या निगेटिव्हांतून घेऊन जोडले आहेत. कारण त्या काळची काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने समुद्राला पुरेसा वेळ दिला, की आकाश कोरे उमटे. लाटेचे पहिले विख्यात चित्रही अशा रीतीने अंशतः रचलेले आहे.

मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक. १८६४ मध्ये लोहमार्गामुळे वसई मुंबईला जोडली गेली. डॉ. जर्सन दा कुन्हा (१८४४–१९००) यांच्या चौल व वसई यांवरील १८७६ च्या इंग्रजी ग्रंथात सतरा छायाचित्रे आहेत. ग्रंथाचा विषय पुरातन अवशेषांचा असल्याने त्यात समुद्राची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण ती असती, तरी पुरवणे सोपे नव्हते. काच ओली असतानाच लेप, उद्भासन व विकसन ही सर्व कामे उरकावी लागत. कोकणच्या उन्हात ती लवकर सुके व छायाचित्रकाराला अंधारा तंबू बरोबर न्यावा लागे. पावसाळ्यातील वाऱ्यात असा तंबू खडकांवर उभा करणे जवळजवळ अशक्यच.

मॅडॉक्सच्या कोरड्या जिलेटिन काचेने (१८७१), व विशेषतः तीत पुढे झालेल्या सुधारणांनी ही अडचण दूर केली. लवकरच लाट हलूही लागली. बर्ट एकर्सने डोव्हरच्या खवळलेल्या समुद्राचे चलचित्र १८९५ मध्ये घेतले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूम्येअर बंधूंच्या ज्या चित्रफिती मुंबईकरांनी पाहिल्या, त्यांत समुद्रस्नानाची एक होती. भर पावसाळ्यात, अरबी समुद्र उसळत असताना पडद्यावर फ्रान्सचा समुद्र पाहण्याचा हा योग मोठा मौजेचा म्हणावा लागेल.

वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतचा किनारा बव्हंशी पुळणीचा आहे. भुईगावासारख्या ठिकाणी मात्र खडक उघडे पडतात. जून ते सप्टेंबर हा मोठ्या लाटांचा काळ. भरतीची वेळ काढण्यासाठी कोकणात तिथीची पाऊणपट करण्याचा प्रघात आहे. त्यानुसार अष्टमीस सुमारे सहाला, तर पौर्णिमा-अमावास्येस मध्यान्हाच्या आसपास भरती येते. म्हणजे उधाणाच्या वेळी सूर्य माथ्यावर, आणि सायंकाळी भरती असेल त्या दिवशी ती भांगाची, दुबळी. द्वितीया-तृतीयेची दुपार हा यांतील बरा मध्य. किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे तेव्हा प्रकाश लाटेच्या मागून येऊ लागतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात तुषार गोठतात, पाव सेकंदात त्यांच्या रेषा होतात. कित्येक सेकंद दिल्यास पुन्हा ते १८४० च्या सुमाराचे धुके मिळते व हल्ली ते हेतुपुरस्सर घेतले जाते.

अशा चित्रांना आता पुराव्याचे मोल आले आहे. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळा बेटाची धूप होऊन तेथील काही घरे समुद्राने गिळली आहेत. मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेल्या तेथील किल्ल्याचे बुरूज जागचे हलत नाहीत. म्हणून त्यांच्या संदर्भाने निरनिराळ्या वर्षांच्या चित्रांतील जलरेषा ताडून पाहता येते. मात्र चित्रावर तिथी व वेळ नोंदलेली नसल्यास भरतीने चढलेले पाणी कोणते आणि धुपेमुळे आत आलेले कोणते, हे ठरविता येत नाही.