अप्रेंटिसशिप ही मेहेरबानी नाही, हक्क आहे!

भुसावळचे रेल्वे वर्कशॉप, दीपनगरचे वीजकेंद्र, जळगाव-धुळ्याची एमआयडीसी. आपल्या पोरांना इथली अप्रेंटिसची जागा दिसते, तिच्यामागचा लढा दिसत नाही.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू सांगितले. आपला माणूस गँगमन म्हणूनच राबतो, वरच्या जागा त्याला बंद, आणि कामगार संघटना त्यावर गप्प, हेही त्यांनी तिथेच मांडले.

ऑक्टोबर 1942 मध्ये, मजूरमंत्री असताना, त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत आपल्या मुलांना अप्रेंटिस म्हणून घ्या, ही त्यातली एक मागणी होती. पुढे 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने विद्यावेतन बंधनकारक केले. 1973 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या.

म्हणून आम्ही म्हणतो, आयटीआय करून आलेल्या इलेक्ट्रिशियनला पॅनलऐवजी झाडू-हमालीला जुंपणे म्हणजे त्याला पुन्हा गँगमन करणे होय. तरुणांनो, राखीव जागा मोजा, विद्यावेतनाचा हिशेब मागा आणि युनियनमध्ये शिरून हा प्रश्न तिथे बोलायला लावा. 1938 ची ती चुप्पी आता आपणच मोडायची आहे.

जय भीम!