मास्टर विठ्ठल बोलपटाने संपले नाहीत

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ लागला. तेव्हापासून एक गोष्ट सांगितली जाते, ती अशी : नायकाला उर्दू धड बोलता येईना, म्हणून पडद्यावर त्याला बराच वेळ गुंगीत ठेवावे लागले, बोलपट आला आणि मास्टर विठ्ठल संपला.

त्यांचे उर्दू कच्चे होते, हे मान्य. जडणघडण कोल्हापुरातली, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतली. पण पुढचे अनुमान कशाच्या जोरावर? ‘आलम आरा’ची प्रत आज कुठेच नाही. नायक किती बोलला आणि कसा बोलला, हे तपासायचे कसे?

शिवाय चित्रीकरण कसे झाले तेही पाहा. ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशीर इराणींच्या स्टुडिओशेजारून रेल्वे जात होती. गाड्यांच्या आवाजामुळे बरेचसे काम रात्री चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवलेले. त्यांच्यापासून दूर सरकले की आवाज गेला. विठ्ठल यांची कीर्ती होती उड्यांची, तलवारबाजीची. शारदा फिल्म कंपनीच्या ‘रतन मंजरी’पासून (1926) लोक त्यासाठीच गर्दी करत. ते कंपनी सोडून निघाले तेव्हा शारदाने कराराचा दावा ठोकला आणि त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले, एवढा तो नट मोलाचा. अशा माणसाला मायक्रोफोनपाशी खिळवून ठेवले आणि ठपका मात्र त्याच्या जिभेवर आला! मला हा उघड अन्याय वाटतो.

हिंदीतले नायकपण पुढे टिकले नाही, हे खरे. पण 1933 साली दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनने ‘औट घटकेचा राजा’ काढला, शाहू मोडकांना दुहेरी भूमिका दिली आणि दिग्दर्शन सोपवले ते विठ्ठल यांच्याकडे. ‘आवारा शहजादा’ ही त्याची हिंदी आवृत्तीही त्यांचीच. बोलपटाने ज्याला हरवले, त्याच्या हाती दोन वर्षांत दोन भाषांतला बोलपट कोण देईल? पुढे भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये (1939) ते आहेत, आणि 1944 साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’तही. भूमिका दुय्यम, कबूल. पण तो चित्रपट उभा आहे तो संवादांवर. ‘आलम आरा’ आज पाहायला मिळत नाही, ‘रामशास्त्री’ मिळतो. विठ्ठल यांच्या आवाजाचा निवाडा करायचा असेल, तर तो पाहून करावा.